भरलेला ऑर्डर फॉर्म आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचवण्याची व्यवस्था

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरींचा कारखाना चालवणाऱ्या एका उद्योजकांचा प्रश्न असा आहे. त्यांचे फिरते विक्री प्रतिनिधी लातूर, नांदेड, कलबुर्गी, विजयपूर या बाजूंच्या दुकानांतून मोबाईलवर ऑर्डरचा फॉर्म भरतात. ती माहिती सध्या गूगल फॉर्म्सच्या शीटमध्ये जमा होते आणि कार्यालयातील दिवाणजी संध्याकाळी बसून एकेक ओळ टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात. हे उतरवणे थांबवून, फॉर्म भरताक्षणी माहिती आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जावी, यासाठी कोणता मार्ग घ्यावा आणि कोणती काळजी घ्यावी?

फॉर्ममधील माहिती एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. जाणकार प्रोग्रामर तेवढे एका दुपारी करून देईल, आणि अनेक ठिकाणी काम तेवढ्यावरच थांबते. कस लागतो तो त्यानंतर. प्रतिनिधीच्या फोनची रेंज गेली, कारखान्यातील वीज गेली, बटण दोनदा दाबले गेले, किंवा सर्व्हरने माहिती घेतली पण त्याचे उत्तर वाटेत हरवले, अशा कोणत्याही प्रसंगी भरलेली ऑर्डर गहाळ होऊ नये आणि एका ऑर्डरच्या दोन होऊ नयेत, याची तजवीज करणे हेच या कामाचे मर्म आहे. प्रोग्रामरला काम देताना आपण हीच अट सर्वांत आधी लिहून द्यावी, असा माझा आग्रह आहे.

मूळ यंत्रणा अशी चालते. फॉर्म सबमिट झाला की फॉर्मची सेवा आपल्या सर्व्हरच्या ठरलेल्या पत्त्यावर एक एचटीटीपी विनंती (वेबवरील देवाणघेवाणीच्या ठरलेल्या पद्धतीतला संदेश) पाठवते आणि भरलेली माहिती त्या विनंतीच्या पोटात, बहुधा जेसन या मांडणीत, ठेवते. या पद्धतीला वेबहुक म्हणतात. हे नाव २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी रूढ केले. ही विनंती नेहमी पोस्ट प्रकारची असावी. गेट प्रकारात भरलेली माहिती पत्त्यालाच जोडली जाते आणि मग दुकानदाराचे नाव, फोन, जीएसटी क्रमांक हे सारे ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदींमध्ये उघडे पडून राहते. पत्ता एचटीटीपीएसचाच, म्हणजे वाटेत माहिती कूटबद्ध ठेवणारा, हवा. त्यासाठीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते, परंतु त्याची मुदत अल्प, आजवर प्रचलित ९० दिवसांची असल्याने त्याचे नूतनीकरण स्वयंचलित करून ठेवावे; नाहीतर एका सकाळी सर्व ऑर्डरी येणे बंद होते आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

आपण आज गूगल फॉर्म्स वापरत असल्यामुळे पहिला विचार ॲप्स स्क्रिप्टचा, म्हणजे गूगलच्या सेवांमध्येच छोटे प्रोग्राम लिहिण्याच्या सोयीचा, येतो, आणि तो गैर नाही. फॉर्म सबमिट होताच चालणारा ट्रिगर (आपोआप सुरू होणारी आज्ञा) लावून, यूआरएलफेच या सेवेने माहिती आपल्या सर्व्हरकडे पाठवता येते; वेगळा खर्च लागत नाही. मात्र या मार्गाच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. असा ट्रिगर तो लावणाऱ्या व्यक्तीच्या खात्यावर चालतो. एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या जीमेलवरून तो लावला आणि नोकरी सोडताना ते खाते बंद केले, तर फॉर्म भरले जात राहतील पण सर्व्हरकडे काहीच जाणार नाही. म्हणून ट्रिगर कंपनीच्या मालकीच्या खात्यावरूनच लावावा. दुसरे, आपला सर्व्हर त्या क्षणी बंद असेल तर ट्रिगर अयशस्वी होतो आणि गूगल तो स्वतःहून पुन्हा चालवत नाही. त्यामुळे शीटमध्ये ‘पाठवले’ असा एक स्तंभ ठेवावा, सर्व्हरची पोच मिळाल्यावरच त्यात खूण करावी, आणि दर पंधरा मिनिटांनी चालणारा वेगळा ट्रिगर खूण नसलेल्या ओळी पुन्हा पाठवेल अशी रचना करावी. एवढे केले तरी या मार्गाची विश्वासार्हता कितीतरी वाढते. झेपियरसारख्या जोडणी-सेवांतूनही हे होते, पण त्या पाठवलेल्या कामांच्या संख्येवर पैसे घेतात; ऑर्डरींचा ओघ मोठा असलेल्या कारखान्याला तो मार्ग मी सुचवणार नाही.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. प्रत्येक प्रतिसादाला गूगल स्वतंत्र ओळख-क्रमांक देते, पण तो सबमिट झाल्यानंतर. प्रतिनिधीने रेंज नाही म्हणून तीच ऑर्डर पुन्हा भरली, तर दोन वेगळे क्रमांक तयार होतात आणि सर्व्हरला त्या दोन ऑर्डरी वाटतात. यावर उपाय म्हणून, सहा-आठ महिन्यांत का होईना, प्रतिनिधींसाठी स्वतःचे साधे वेबपान तयार करून घ्यावे. ते पान उघडताच फोनमध्येच एक यूयूआयडी, म्हणजे पुन्हा कधी न येणारा १२८ बिटांचा क्रमांक, तयार होईल. भरलेली माहिती त्या क्रमांकासह आधी फोनच्या साठ्यात लिहिली जाईल आणि मग पाठवली जाईल. रेंज नसली तर ती तिथेच थांबेल आणि रेंज आल्यावर त्याच क्रमांकाने जाईल. ब्राउझरचा साठा कोणी पुसला तर न गेलेल्या ऑर्डरीही पुसल्या जातात, म्हणून पानावर ‘३ ऑर्डरी पाठवायच्या बाकी’ असे ठळक दिसले पाहिजे आणि दिवसाअखेर ते शून्य करणे ही प्रतिनिधीची जबाबदारी असली पाहिजे.

आता सर्व्हर कुठे असावा. कारखान्याच्या कार्यालयातील संगणकालाच सर्व्हर करण्याची कल्पना अनेकांना भावते, कारण टॅली तिथेच असते. मी याच्या ठाम विरोधात आहे. सामान्य ब्रॉडबँड जोडणीचा बाहेरचा पत्ता बदलत राहतो; पुष्कळदा तर अनेक ग्राहकांमध्ये मिळून एकच पत्ता वापरला जातो आणि बाहेरून आत येण्याला वाटच नसते. स्थिर पत्ता विकत घेतला तरी वीज, राउटर आणि संध्याकाळी संगणक बंद करून जाण्याची सवय, या तिन्हींवर आपल्या ऑर्डरी अवलंबून राहतात. शिवाय हिशेबाचा संगणक इंटरनेटला उघडा करणे हा धोका कोणत्याही सोयीपेक्षा मोठा आहे. दरमहा काहीशे रुपयांपासून मिळणारा लहान भाड्याचा सर्व्हर ऑर्डरी स्वीकारण्यासाठी पुरेसा आहे. ऑर्डरी तिथे उतरतील आणि कार्यालयातील संगणक सुरू असेल तेव्हा तिथून त्या ओढून आणेल. अशा रचनेत कारखान्याकडे बाहेरून कोणीही येत नाही. कारखानाच बाहेर जाऊन आपली टपाल घेऊन येतो.

पोच देण्याचा नियम मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक गोंधळ इथेच जन्माला येतात. विनंती आल्यावर सर्व्हरने आधी पाठवणाऱ्याची ओळख तपासावी, नंतर आलेला मजकूर अक्षरही न बदलता, मिळाल्याच्या वेळेसह एका आवक तक्त्यात लिहावा, आणि तो डेटाबेसमध्ये पक्का लिहिला गेल्यावरच २०० किंवा २०२ या, ‘मिळाले’ असे सांगणाऱ्या, संकेताने पोच द्यावी. किंमत काढणे, साठा पाहणे, टॅलीसाठी मांडणी करणे, दुकानदाराला संदेश पाठवणे ही सारी कामे त्यानंतर, वेगळ्या प्रक्रियेने, सवडीने करावीत. हे उलटे केले, म्हणजे सर्व कामे आटोपून मग उत्तर दिले, तर एखादे काम रेंगाळताच पाठवणारा वाट पाहून कंटाळतो, विनंती फसली असे समजतो आणि पुन्हा पाठवतो. आणि लिहिण्याआधीच पोच दिली, तर त्या दोन क्षणांच्या मधे सर्व्हर बंद पडल्यास ऑर्डर कायमची जाते, वर पाठवणाऱ्याकडे ‘पोहोचली’ अशी नोंद राहते. मूळ मजकूर जसाच्या तसा जपण्याचा लाभ पुढे कळतो: प्रक्रियेत चूक सापडली तर ती दुरुस्त करून त्याच मजकुरावर पुन्हा चालवता येते, प्रतिनिधीला फोन करून ‘काय भरले होते’ असे विचारावे लागत नाही.

पाठवणाऱ्या बाजूने पुन्हा प्रयत्न करण्याचीही शिस्त हवी. उत्तराचा संकेत ५०० च्या घरातला (सर्व्हरचा दोष) असेल, ४२९ (फार विनंत्या आल्या) असेल, किंवा उत्तरच आले नसेल, तर पुन्हा पाठवावे. पण लगोलग नाही, एक मिनिटाने, मग पाच, मग तीस, मग दोन तासांनी असे अंतर वाढवत आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवून, म्हणजे सर्व्हर परत सुरू होताच सगळे फोन एकदम त्याच्यावर तुटून पडणार नाहीत. ४०० किंवा ४२२ आले तर माहितीतच दोष आहे. ती शंभर वेळा पाठवूनही उपयोग नाही, ती माणसापुढे आली पाहिजे. सर्वांत फसवा प्रसंग उत्तरच न येण्याचा. त्यात ऑर्डर पोहोचली की नाही हे पाठवणाऱ्याला कळूच शकत नाही, म्हणून पुन्हा पाठवणे भाग असते, आणि म्हणूनच सर्व्हरला तीच ऑर्डर दुसऱ्यांदा ओळखता आली पाहिजे. यूयूआयडीच्या स्तंभावर डेटाबेसमध्येच एकमेवतेचे बंधन, म्हणजे एकच क्रमांक दोनदा लिहू न देणारा नियम, घालावे. आधी शोधून मग लिहिणे पुरेसे नाही, कारण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोन्ही शोधांना ‘नाही’ असेच उत्तर मिळते. दुबार विनंतीला त्रुटीचा संकेत देऊ नये. पहिल्या वेळी दिलेला ऑर्डर क्रमांकच पुन्हा द्यावा, म्हणजे पाठवणारा समाधानाने थांबतो.

याला आणखी एक जोड मी नेहमी देतो. यूयूआयडीवरून दुबार ऑर्डर पकडता येते, पण हरवलेली नाही. त्यासाठी प्रत्येक प्रतिनिधीच्या फोनवर पावतीपुस्तकासारखा सलग अनुक्रमांकही चालू ठेवावा. सर्व्हरकडे ४१, ४२ आणि ४४ आले असतील, तर ४३ कुठेतरी अडकला आहे हे त्याच रात्री दिसते. दररोज रात्री फोनवरील, आवक तक्त्यातील आणि टॅलीतील संख्या जुळवणारा एक छोटा अहवाल मालकांच्या फोनवर यावा. या एका अहवालाने जो विश्वास येतो तो कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरने येत नाही.

सुरक्षिततेबद्दल. सर्व्हरचा पत्ता गुप्त ठेवला म्हणजे झाले, ही समजूत सोडावी. पाठवणारा सर्व्हर असेल, उदाहरणार्थ ॲप्स स्क्रिप्ट, तर दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरवून प्रत्येक विनंतीवर एचएमएसी-एसएचए-२५६ पद्धतीची, म्हणजे किल्ली आणि मजकूर यांवरून गणिताने काढलेली, सही असावी. एचएमएसीची रचना १९९७ च्या आरएफसी २१०४ या तांत्रिक दस्तऐवजामध्ये दिलेली आहे आणि प्रत्येक प्रचलित प्रोग्रामिंग भाषेत ती तयार मिळते. सही तपासताना आलेल्या मूळ बाइट्सवरच तपासावी. जेसन उलगडून पुन्हा बांधले की रिकामी जागा किंवा क्रम बदलतो आणि खरी सहीसुद्धा खोटी ठरते. सहीत पाठवण्याची वेळही गुंफावी आणि पाच मिनिटांपेक्षा जुनी विनंती नाकारावी, म्हणजे कोणी जुनी विनंती टिपून पुन्हा पाठवू शकणार नाही. ही वेळ पाठवण्याची असावी, फॉर्म भरल्याची नव्हे. अन्यथा रेंजअभावी तासभर थांबलेल्या खऱ्या ऑर्डरी परत जातील. आणि ही गुप्त किल्ली वेबपानात कधीही ठेवू नये, कारण पानाचा मजकूर कोणालाही पाहता येतो. पानावरून थेट येणाऱ्या माहितीसाठी प्रत्येक प्रतिनिधीला स्वतंत्र लॉगिन द्यावे. एखाद्याने काम सोडले तर तेवढेच बंद करता येते.

फोनवर केलेली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. सर्व्हरने ती पुन्हा करावी. दर तर फॉर्ममधून कधीच घेऊ नये. फॉर्मने फक्त मालाचा कोड आणि नग सांगावेत, दर सर्व्हरने आपल्या यादीतून लावावा. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, तेलंगणाचे ३६), पुढील दहा चिन्हे पॅनची, आणि शेवटचे चिन्ह पडताळणीचे. हे पडताळणीचे चिन्ह गणिताने तपासले तर टंकलेखनाच्या बहुतेक चुका जागीच सापडतात, आणि राज्याच्या अंकांवरून राज्यांतर्गत की आंतरराज्य कर लावायचा याचा पडताळाही घेता येतो. नगांच्या बाबतीत एकक सक्तीचे करावे. टॉवेल डझनावर, चादर नगावर आणि मोठी ऑर्डर गाठींवर सांगण्याची रीत असलेल्या बाजारात नुसते ‘२०’ या आकड्याला काही अर्थ नाही.

मराठीत भरलेल्या माहितीचे काही खास प्रश्न आहेत. अनेक फोनांवर मराठी कळफलक सुरू असताना अंकही देवनागरीत उमटतात. ‘२४’ असे आलेले मूल्य सर्व्हरने आधी संख्येत रूपांतरित करून घ्यावे, नाहीतर काही प्रणाली ते नाकारतात आणि काही शून्य धरतात. शून्य धरण्याचा हा दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. अक्षरे साठवण्याची पद्धत सर्व ठिकाणी यूटीएफ-८ असावी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जुन्या ‘यूटीएफ८’ ऐवजी ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावे. देवनागरी अक्षरे तीन बाइट्सची असल्याने जुन्यातही बसतात, पण शेऱ्यात एखादी इमोजी आली की ती चार बाइट्सची असते आणि नोंद तुटते किंवा नाकारली जाते. माहिती शीटमार्गे जाणार असेल तर कोडचे स्तंभ आधीच ‘साधा मजकूर’ म्हणून ठरवावेत. तसे न केल्यास ००७ हा डिझाइन कोड ७ होतो आणि ३-६ हा कोड चक्क तारीख बनतो. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवावी आणि दाखवताना साडेपाच तास पुढे करावी. भाड्याचे सर्व्हर पुष्कळदा यूटीसीवर चालतात, त्यामुळे पहाटे साडेपाचपूर्वीच्या नोंदी आदल्या दिवसाच्या हिशेबात जातात.

टॅलीशी जोडणी शेवटच्या टप्प्यात करावी. टॅलीप्राइम एचटीटीपीवरून एक्सएमएल (खुणांमध्ये बांधलेला मजकूर) स्वीकारते, त्यासाठी सामान्यतः ९००० हे पोर्ट (संगणकात शिरण्याचे क्रमांकित दार) वापरले जाते, आणि त्या वेळी टॅली उघडी व संबंधित कंपनी लोड केलेली असावी लागते. त्याच संगणकावर एक छोटा प्रोग्राम ठेवावा, जो दर काही मिनिटांनी सर्व्हरवरून नव्या ऑर्डरी आणेल, त्यांचे एक्सएमएल करील आणि टॅलीला देईल. यात दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. टॅली नोंद नाकारतानाही एचटीटीपीचे उत्तर यशस्वी असल्याचेच देते. खरा निकाल उत्तराच्या मजकुरात, किती नोंदी तयार झाल्या आणि किती त्रुटी आल्या या आकड्यांत असतो, आणि प्रोग्रामने तोच वाचला पाहिजे. दुसरे, दुकानाच्या नावात ‘अँड’ ऐवजी त्याचे चिन्ह (&) वापरलेले असते आणि ते चिन्ह एक्सएमएलमध्ये योग्य रीतीने लिहिले नाही तर संपूर्ण मजकूर अवैध ठरतो. खातेवहीतील नाव अक्षरशः जुळावे लागत असल्याने प्रतिनिधीला दुकानाचे नाव टाइप करू देऊ नये, यादीतून निवडू द्यावे. आणि आपोआप होणारी नोंद विक्रीच्या बिलाची नसावी, विक्री-ऑर्डरची असावी. बिल माल निघताना माणसाने पाहूनच करावे.

ज्या दुकानदारांची माहिती आपण घेतो तिच्याबाबत ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याकडेही लक्ष असावे. सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास त्यात कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आधार क्रमांक किंवा जन्मतारीख ऑर्डरीसाठी लागत नाही. फॉर्ममध्ये ती रकाने असतील तर काढून टाकावीत. त्रुटींच्या नोंदींमध्ये संपूर्ण फॉर्म छापण्याची प्रोग्रामरांची सवयही थांबवावी, त्या नोंदींत क्रमांक पुरतो.

सुरुवात एकाच प्रतिनिधीपासून करावी आणि चालू करण्यापूर्वी मुद्दाम मोडून पाहावे: ऑर्डर भरताना फोन विमान मोडवर टाकावा, तीच विनंती एकाच क्षणी दोनदा पाठवावी, लिहिणे चालू असताना सर्व्हर बंद करावा, खोट्या सहीने विनंती करावी, देवनागरी अंक आणि इमोजी भराव्यात, टॅली बंद ठेवून दिवसभर ऑर्डरी साचू द्याव्यात. प्रत्येक वेळी शेवटी तीनही ठिकाणची संख्या एकच आली तरच पुढे जावे. दिवाणजींचे हाताने उतरवणे निदान एक महिनाअखेरचा हिशेब जुळेपर्यंत समांतर चालू राहू द्यावे, आणि त्यानंतर त्यांच्याकडे अडकलेल्या ऑर्डरींची यादी सोपवावी. कोणते दुकान कोणत्या नावाने मागवते, कोणाचा ‘नेहमीचा’ माल म्हणजे कोणता, हे त्यांना ठाऊक असते. त्यामुळे ४२२ ने परत आलेली ऑर्डर दुरुस्त करून पुढे पाठवण्याचा अधिकार प्रणालीत त्यांच्याच लॉगिनला द्यावा.